पंखा लावणारा कागद

आमच्या गाळ्यात कागदाच्या कातरणांपेक्षा किस्से जास्त साठतात. कातरणं निदान रद्दीवाला घेऊन जातो, किस्से कोण नेणार? मग कोणी आलं, चहा सांगितला, की एक मी काढते, दुसरा भावजी काढतात, आणि केतकी "हे असं झालंच नव्हतं" म्हणत तिसरा काढते. आलेला माणूस कशाला आलेला तेच विसरतो. एक गृहस्थ तर मुलीची पत्रिका छापायला आले आणि मजकूर खिशात तसाच घेऊन घरी गेले. नंतर बायकोने पुन्हा पाठवलं त्यांना.

आधी गाळा कुठला ते सांगते. डोंबिवली पूर्वेला एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आमची स्क्रीन प्रिंटिंगची प्रेस आहे. प्रेस माझ्या दिरांची, मिलिंद भावजींची. डिझाइन मी करते. लग्नाच्या, मुंजीच्या, वास्तुशांतीच्या पत्रिका हा आमचा धंदा. आजूबाजूच्या गल्ल्यांमधली निम्मी लग्नं भावजींच्या हातून छापून गेलीत. त्यांचं स्वतःचं तेवढं राहिलं.

मग लोक पत्रिका मोबाईलवर पाठवायला लागले आणि आम्ही दोघं एकमेकांची तोंडं बघत बसलो. तेव्हा कोपरीची केतकी म्हात्रे आमच्याकडे आली. ही इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनियर. पिशवीतून एक डबी काढली, डबीत काळी शाई. म्हणाली, या शाईतून करंट जातो, याने मला कागदावर पंख्याचं चित्र छापून द्या. भावजींनी डबीचा वास घेतला आणि छापून दिलं. केतकीने कागदाच्या मागे एक चपटी चिप आणि घड्याळातला सेल लावला, स्विचबोर्डात काडेपेटीएवढा एक डबा बसवला. चित्राला बोट लावलं की पंखा सुरू, परत लावलं की बंद. दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं. या प्रकाराला केतकीकडे एक लांबलचक इंग्रजी नाव आहे. मी आपली कागदाचा रिमोट म्हणते.

*

पहिला किस्सा पहिल्याच दिवसाचा.

कागद तयार झाला आणि केतकीने तो तपासायला म्हणून जमिनीवर पसरून ठेवला. भावजी हातात छपाईची चौकट घेऊन आले, समोरचं काही दिसेना, आणि त्यांची चप्पल कागदाला लागली. रबरी चप्पल, त्यामुळे चपलेने काही झालं नाही. पण जन्मभर कागदावर पोट भरलेला माणूस तो. चौकट खाली ठेवली, वाकले, कागदाला हात लावून कपाळाला लावला. गाळ्यातला एक्झॉस्ट घरघर करत सुरू झाला.

भावजी दचकून मागे सरले, पाय परत कागदावर. परत वाकले, परत हात लावला. एक्झॉस्ट बंद. मग त्यांनी वर बघितलं, कागदाकडे बघितलं, आणि खात्री करायला म्हणून तिसरा नमस्कार केला. केतकी हसून हसून खाली बसली. मी म्हटलं, भावजी, हा कागद वेगळा आहे, याला पाय लागला तर निदान याला तरी नमस्कार करू नका.

"वहिनी, पंखा लागतो म्हणून काय झालं," भावजी म्हणाले, "कागद तो कागदच."

तेव्हापासून आमचा नियम आहे. आमचे कागद भिंतीवर लावायचे, जमिनीवर ठेवायचेच नाहीत.

*

आता सुधाकाकू. त्यांच्याशिवाय या गाळ्यातली कुठलीच गोष्ट पुरी होत नाही.

काकू आमच्या डोक्यावरच राहतात, पहिल्या मजल्यावर, एकट्या. काका गेले. मुलगा प्रसाद बंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये, तोही एकटाच. काकूंना संधिवात. बोटं अशी वाकलीत की बटण दाबायचं म्हणजे शिक्षा, आणि जुन्या घरातली बटणं म्हणजे तुम्हाला माहीत आहेत, पैलवानाने दाबावीत अशी. मोबाईलवर बोट सरकलं की कुठल्या कुठे जातं. एकदा संध्याकाळी त्यांना दिवाच लावता येईना. शेजारची मंडळी गावाला गेलेली. काकू तशाच अंधारात बसून राहिल्या, आणि नेमका प्रसादचा फोन आला, काय करतेस म्हणून. काकूंना खोटं बोलता येत नाही.

झालं. प्रसादने तिकडे ज्येष्ठांसाठीच्या एका निवासात खोली बघून ठेवली. चोवीस तास नर्स, वेळेवर जेवण, बाग, सगळं. दिवाळीला येतो, बघतो आणि तुला घेऊनच जातो, असं त्याने सांगितलं. त्याचंही काय चुकलं? पण काकू खाली आल्या, गाळ्यातल्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "मला माझ्या घरात माझ्या हाताने दिवा लावायचाय. दुसरं काही मागत नाही मी."

भावजींनी तिथल्या तिथे स्क्रीन धुवायला घेतला.

केतकीने पहिला नमुना काढला तो परदेशी पद्धतीचा, गोल, त्रिकोण, मधे एक रेघ. काकूंनी चष्मा लावून बघितला आणि विचारलं की यात स्वयंपाकघर कुठे आहे. केतकीने दाखवलं. काकू म्हणाल्या, हा तर चौकोन आहे, माझं स्वयंपाकघर चौकोनी नाही. मग मी बसले काढायला. स्वयंपाकघराच्या दिव्याला कुकर, हॉलच्या दिव्याला त्यांची खुर्ची, पंख्याला पंखाच, बाथरूमच्या दिव्याला बादली. आणि एक घंटा. घंटेला हात लावला की खाली आमच्या गाळ्यात टिंगटिंग वाजणार. तीन पत्रिकांच्या कामांपेक्षा जास्त वेळ त्या एका कागदाला लागला.

*

कागद लावून आलो आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी घंटा. वर गेलो तर काकूंच्या घरात सगळं चालू. दोन्ही दिवे, पंखा, बाथरूमसुद्धा. काकू हात जोडून उभ्या. म्हणाल्या, आज चतुर्थी आहे ना, त्याचीच इच्छा.

केतकीने चिप तपासली, डबे तपासले, काही सापडेना. ती गेली की सगळं ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळी परत घंटा, परत सगळं घर लखलखीत. चतुर्थी काही रोज नसते. केतकी रडकुंडीला आली. तिसऱ्या दिवशी ती पहाटेच येऊन काकूंच्या खुर्चीत बसून राहिली.

काकूंची आंघोळ झाली, देवपूजा झाली. मग हळदी-कुंकवाचं ताम्हन घेऊन त्या आमच्या कागदासमोर आल्या आणि वरच्या गणपतीला ओलं कुंकू लावलं. घर लखलखलं.

गणपती? केतकीने खाली येऊन मला विचारलं, कागदावर गणपती कुठून आला. मी भावजींकडे बघितलं. भावजी म्हणाले, "गणपतीशिवाय आपल्या प्रेसमधून काम गेलंय का कधी?" यांनी सवयीने वर गणपती छापलेला, खाली दोन्ही बाजूंनी पत्रिकेसारखी वेलबुट्टी सोडलेली, आणि तेही सगळं त्याच करंटच्या शाईने. वेल बरोबर कुकर, खुर्ची, बादली सगळ्यांना जवळजवळ टेकून खाली आलेली, म्हणजे गणपतीला ओलं बोट लागलं की ते सगळ्यांनाच लागायचं. मीही बघितलं होतं म्हणा. पत्रिकेवर वेल असतेच, तिच्याकडे कोण बघतं?

केतकीचं म्हणणं गणपती काढा. भावजींचं म्हणणं मग प्रेस बंद करा. दोघं दुपारपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. शेवटी गणपती साध्या लाल शाईने छापला आणि वेल काढून टाकली. आता काकू रोज मनसोक्त कुंकू लावतात आणि काही होत नाही. एकदा मला हळूच म्हणाल्या की आधीचा जास्त जागृत होता.

*

नौपाड्यातल्या एका डॉक्टरांनी आमच्याबद्दल ऐकलं. त्यांना पेशंटला हाका मारून मारून कंटाळा आलेला. आम्ही त्यांना टेबलावर ठेवायचा एक कागद करून दिला. वर बाण, बाणाला हात लावला की बाहेर हिरवा दिवा लागणार आणि पुढचा पेशंट आत येणार.

दोन दिवसांत तक्रार, चालत नाही. मी आणि केतकी ठाण्याला गेलो. बघतो तर कागद टेबलाच्या काचेखाली. शेजारी देवाचा फोटो, नातवाचा फोटो, जुनं रेल्वेचं वेळापत्रक, औषधवाल्यांची कार्डं. मी म्हटलं, डॉक्टर, हा वर ठेवायचा. ते म्हणाले, एवढी चांगली वस्तू उघडी कशी ठेवणार, खराब होईल. यांच्या घरी सोफ्यावरचं प्लास्टिक अजून निघालेलं नसणार, अशी माझी तिथेच खात्री पटली.

केतकी वाद घालत नाही. तिने चिपचं सेटिंग बदललं आणि जाड काचेतूनही बोट कळेल असं केलं. डॉक्टर खूश. पण कागद आता इतका हळवा झाला की त्याला बोट काय आणि कोपर काय, सगळं सारखंच. आणि डॉक्टरांना विचार करताना कोपर टेकायची सवय.

एका दुपारी एक गृहस्थ शर्ट काढून बसलेले. डॉक्टर त्यांचा रिपोर्ट वाचत कोपर टेकून विचारात. हिरवा दिवा लागला, एक आजोबा आत येऊन बसले. डॉक्टरांचं लक्ष नाही. रिपोर्टात काहीतरी अवघड असावं, कोपर उचललं, परत टेकलं. एक बाई आत आल्या. आजोबांनी एव्हाना शर्ट काढलेल्या गृहस्थांना सगळं विचारून घेतलेलं आणि बाई त्यांना ओव्याचा काढा सांगत होत्या.

डॉक्टरांचा संध्याकाळी फोन आला. आवाज अगदी शांत. म्हणाले, "केबिनमध्ये माझ्याशिवाय सगळेच निदान करतायत."

आता कागद काचेवर आहे. त्याला एक प्लास्टिकचं कव्हर घातलंय, पण तेवढं चालतं.

*

केतकीच्या चुलतभावाचं लग्न ठरलं तेव्हा म्हात्रे मंडळींनी वाजणारी पत्रिका मागितली. सनईच्या चित्राला बोट लावलं की सनई वाजणार. कोपरीत अशी पत्रिका कोणी बघितली नव्हती. भावजींनी हौसेने केली आणि पहिला गठ्ठा स्वतः पोचवायला निघाले. ठाणे स्टेशनला पूर्वेला उतरून शेअर रिक्षात बसले, गठ्ठा मांडीवर, दोन्ही हात वरून घट्ट धरलेले.

रिक्षा सुटली आणि सनई सुरू झाली. भावजींनी बंद करायला म्हणून पत्रिकेवर हात ठेवला, तर खालची दुसरी वाजायला लागली. ते जितकं दाबतायत तितक्या सनया वाढतायत. शेजारच्या बाईंनी आधी बाहेर वाकून वरात शोधली. मग भावजींकडे बघितलं. पांढरा शर्ट, नीट भांग, मांडीवर पत्रिका, कपाळाला घाम.

बाई म्हणाल्या, अभिनंदन. भावजी म्हणाले, माझं नाही हो. रिक्षावाला आरशातून म्हणाला, काका, टेन्शन नका घेऊ, उमर का क्या है. बाईंनी विचारलं, मुलगी कुठली. भावजींनी पत्रिका काढून नाव वाचून दाखवलं, माझं नाव यात कुठेच नाही, हे बघा. बाईंनी नीट वाचलं, आणि मग ज्या आवाजात त्या म्हणाल्या त्याची नक्कल भावजी आजही करतात: "मग तुमचं कधी?"

कोपरीत पोचल्यावर त्यांनी हे सगळं तिथे सांगितलं. केतकीच्या आजीने न हसता सगळं ऐकून घेतलं. मग घरातल्या बायकांकडे वळून म्हणाली, "याला पन बगा गो कोनीतरी." हे ऐकून आमचे भावजी लाजले. लग्नाला मात्र नवा कुर्ता घालून गेलेले, एवढं सांगते आणि गप्प बसते.

*

शुक्रवारी आमच्याकडे लाईट जाते, ते ठरलेलंच आहे. अशाच एका शुक्रवारी आम्ही घामाघूम होऊन गाळ्याबाहेर चहा पीत बसलेलो आणि आत घंटा वाजली. घंटा सेलवर चालते. केतकी धावत वर.

काकूंची तक्रार, पंख्याचा कागद बिघडला. केतकी म्हणाली, काकू, लाईट गेलीय.

"ते कळतंय मला," काकू म्हणाल्या. "पण कागदाला लाईट कशाला लागते? कागद आहे ना तो?"

केतकीने बराच वेळ समजावलं. काकूंना पटलं नाही. त्यांच्या दृष्टीने आम्ही अर्धवट काम केलेलं. एवढ्यापर्यंत हा हसायचा किस्सा, पण टेबलावर काकूंचा फोन चालूच होता आणि पलीकडे प्रसाद सगळं ऐकत होता. तो म्हणाला, आई, मी हेच म्हणतोय, अशा खेळण्यांवर तुला कसं सोडू. केतकी खाली आली ती तोंड पाडून. खेळणं हा शब्द तिला लागला. मलाही लागला. मी तिला म्हटलं, तो काळजीने बोलतोय. ती म्हणाली, म्हणूनच तर उत्तर देता येत नाही.

मग तिने काय केलं, तर काकूंच्या खुर्चीच्या दिव्याला एक छोटी बॅटरी जोडली. आता शुक्रवारी सगळी इमारत अंधारात असते तेव्हा काकूंच्या खुर्चीवरचा दिवा चालू असतो. शेजारणी निवडायचे तांदूळ घेऊन तिकडेच येऊन बसतात. काकूंचं म्हणणं, आता झालं काम पुरं.

*

काकूंना पेनाने लिहिता येत नाही, जोर लागतो. म्हणून त्या शिसपेन्सिलीने लिहितात, आणि भिंतीवर जे काही असेल त्यावर लिहितात. दूधवाला येणार नाही, गॅस लावला, सगळं भिंतीवर. एकदा त्यांनी आमच्याच कागदावर लिहिलं, गॅस लावला, आणि खाली ठसठशीत रेघ मारली.

संध्याकाळी घंटा. केतकी वर गेली. काकू म्हणाल्या, गॅसला हात लावला की पंखा लागतो.

केतकी स्वयंपाकघराकडे धावली. आधी तिला वाटलं सिलिंडर. मग काकूंनी दाखवलं. रेघ लांबत जाऊन पंख्याच्या चित्राला टेकलेली, आणि रेघेच्या या टोकाला बोट ठेवलं की तिकडे पंखा सुरू. केतकी खाली आली ती जिन्यावरून उड्या मारतच. शिसपेन्सिलीतूनही करंट जातो, हे ती कॉलेजात शिकलेली होती, म्हणाली. पण परीक्षा झाल्यावर शिकलेलं कोणाच्या लक्षात राहतं?

त्याचा उपयोग लगेच झाला. सकाळी सकाळी काकूंचा खांदा धरलेला असतो, हात वर जातच नाही. भावजींनी नवा कागद छापला, चित्रं वर आणि खाली हातभर कोरी जागा. केतकीने प्रत्येक चित्रापासून खाली खुर्चीच्या हातापर्यंत पेन्सिलीची रेघ ओढली. काकू बसल्या बसल्या रेघेच्या टोकाला बोट टेकवतात आणि वर कुकराचा दिवा लागतो. रेघ पुसट झाली की स्वतःच गिरवतात.

आता आमच्या सगळ्या कागदांना खाली कोरी जागा असते आणि दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. तुमचा हात जिथे पोचतो तिथपर्यंत रेघ ओढा, एवढंच आम्ही लोकांना सांगतो. कल्याणचे एक गृहस्थ, मांडीचं हाड मोडून पडलेले, त्यांच्या बायकोने रेघ पार पलंगापर्यंत नेली. बाई फोनवर म्हणाल्या की आता ते दिवसभर दिवा लावतात आणि बंद करतात, पण निदान माझ्या नावाने ओरडत नाहीत.

*

आणि हा शेवटचा.

दिवाळीच्या थोडं आधी काकूंनी आणखी एक कागद मागितला. छोटा, पोस्टकार्डाएवढा. त्यावर एकच चित्र, त्यांच्या हॉलची खिडकी. मी गज काढले, कुंडी काढली. कशाला हवाय विचारलं तर म्हणाल्या, लागेल. केतकीला माहीत असावं, कारण ती माझ्याकडे बघत नव्हती.

प्रसाद आला. उंच, डोळ्यांखाली काळं, फोन सतत हातात. काकूंनी आम्हाला तिघांनाही फराळाला वर बोलावलेलं. मला तर परीक्षेला बसल्यासारखं वाटत होतं. प्रसादने आधी आमचे आभार मानले, नीट मानले, आणि मग म्हणाला, आई, हॉलचा दिवा लाव बघू. काकूंनी बसल्या जागेवरून लावला. पंखा. लावला. स्वयंपाकघर. लावलं. घंटा वाजवली, खाली गाळ्यात टिंगटिंग ऐकू आली. भावजी सवयीने उठलेच.

प्रसादने हातातला फोन खाली ठेवला. मग म्हणाला, आज चाललं. पण मी तिकडे असताना तू इथे एकटी असतेस, त्याचं काय करू? मला झोप लागत नाही. खोली उद्यापर्यंत धरून ठेवलीय, उद्या संध्याकाळी त्यांना हो किंवा नाही कळवायचंय. त्याचा आवाज खरंच फाटलेला होता.

काकूंनी विचारलं, काल रात्री काय जेवलास? प्रसाद म्हणाला, मागवलेलं काहीतरी. कशावर बसून? लॅपटॉपसमोर. परवा? त्याला आठवेना. ऑफिसातून घरी गेल्यावर कोणाशी बोलतोस? प्रसाद हसला आणि म्हणाला, आई, विषय माझा नाहीये.

काकूंनी पोह्यांच्या चिवड्याच्या डब्याखालून तो छोटा कागद काढला आणि वाकड्या बोटांनी त्याच्यासमोर सरकवला.

"हा तुझ्या घरी लाव," त्या म्हणाल्या. "दारातून आत गेलास की खिडकीला हात लाव. इकडे माझ्या खिडकीत दिवा लागेल, मला कळेल तू पोचलास ते. तू एकटा राहतोस, मला काळजी वाटते."

प्रसादने कागद उचलला. बराच वेळ कुंडीवरून बोट फिरवत राहिला. मग केतकीला विचारलं की इतक्या लांबून हे कसं चालणार. केतकी म्हणाली, इंटरनेटवरून, पण तिकडचा प्रोग्रॅम माझा अजून अर्धा आहे. तो म्हणाला, दाखव. दोघं लॅपटॉप उघडून बसले ते चहा गार होईपर्यंत, आणि काकू मधूनमधून त्याच्या तोंडात चकलीचा तुकडा देत होत्या. खोलीचं कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारच्या विमानाने तो गेला. जाताना काकूंना एवढंच म्हणाला, कळवतो.

त्या संध्याकाळी मी आणि केतकी मुद्दाम काकूंकडे जाऊन बसलो. भावजी खाली गाळ्यात, पण काम काही करत नव्हते. अंधार पडला. काकू खिडकीकडे बघत नाही असं दाखवत वाती वळत होत्या, त्या बोटांनी. सात वाजून गेले. मी म्हटलं, ट्रॅफिक असेल. काकू म्हणाल्या, असेल.

आणि खिडकीतला दिवा लागला.

मला बाई रडूच आलं. काकूंनी वाती खाली ठेवल्या. आम्ही बघतोय तेवढ्यात दिवा विझला. परत लागला. परत विझला. लागला, विझला, लागला, थांबेचना. समोरच्या इमारतीतली माणसं गॅलरीत येऊन बघायला लागली.

"केतकी, बिघडला की काय गं?" काकूंनी विचारलं. केतकीने आपल्या फोनवर बघितलं, दोनदा बघितलं. म्हणाली, काकू, काही बिघडलेलं नाही. तिकडून सारखा हात लागतोय.

काकू लुकलुकणाऱ्या खिडकीकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, लाव गं त्याला फोन. मी लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"आई," पलीकडून प्रसाद म्हणाला, "त्या खोलीला मी नाही..."

"ते कळलं मला," काकू म्हणाल्या. "आधी जेवून घे."